काय खाल्लं ते सांगायचं नाही

ग्रुपचा नियम साधा होता. घसरलात तर लपवायचं नाही, सगळ्यांना सांगायचं. पण काय खाल्लं ते मात्र सांगायचं नाही. पदार्थाचं नाव काढलं की वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि एकाच्या पायी बाकीचे घसरतात, असं कॅप्टनचं म्हणणं. कॅप्टन म्हणजे ग्रुप चालवणाऱ्या बाई. पूर्वी त्या तलावावर पोहायला शिकवायच्या, त्यावरून हे नाव पडलं होतं. आणि त्यांचं लिहिणंही काठावर उभं राहून शिट्टी मारल्यासारखं असायचं. "मोह दारात उभा आहे. कडी काढू नका." "एक घास म्हणजे कधीच एक घास नसतो." "पडलात? उठा, कपडे झटका, चला."

त्यामुळे तिथे सगळे दिवसभर खाण्याबद्दल बोलायचे आणि खाण्याचं नाव कुणीच घ्यायचं नाही. नात्यातल्या एखाद्या बदनाम माणसाबद्दल बोलावं तसं चालायचं. एखादी लिहायची, "काल तो पुन्हा भेटला. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, तो टेबलावर मांडी ठोकून बसला होता, मी पाठ फिरवून निघून आले." कुणी नुसतं "आज हरले" असं लिहिलं, की खाली धीर द्यायला ही रांग.

ती या ग्रुपमध्ये आली ती गुडघ्यांपायी. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. काम बसून होतं, पण काचा घासायचं यंत्र माळ्यावर आणि माळ्याचा जिना उभाच्या उभा. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, दुकानातल्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोनवरच्या या ग्रुपचं सुचवलं. नवरा जहाजावर, इंजिनाच्या कामाला. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात ती आणि तिचे सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत, तीही नानाच म्हणायची.

नानांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले तरी शेजारच्या इमारतीतली लिफ्ट कुरकुरली की जिन्यात उभे राहून कान द्यायचे आणि "दोर नाही, रूळ कोरडा पडलाय" असं कुणी न विचारता सांगायचे. खाण्याची त्यांना भारी आवड, आणि आवडीपेक्षा चोखंदळपणा जास्त. "मीठ घाईत पडलंय," म्हणायचे. "हा बटाटा रागात चिरलाय का?" सुनेच्या हातचं त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही, पण ताट पुसून लख्ख करायचे. तेवढं पुरे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी दाढी करता करता नाना आरशासमोर खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात बरेच दिवस गेले. हातपाय हळूहळू परत आले, बोलणं थोडं जड झालं पण आलं. गिळणं आलं नाही. घास घशात गेला की अन्नाची वाट सोडून श्वासाच्या वाटेला लागायचा. शेवटी पोटाला नळी बसवली. पलंगाशेजारच्या दांडीवर पिशवी टांगायची, तिच्यातलं दुधट, दाट पाणी थेंबथेंब पोटात उतरायचं. ते नानांचं जेवण. आठवड्यातून एकदा दवाखान्यातल्या बाई घरी येत, जिभेचे, घशाचे व्यायाम घेत. नाना त्यांना गिळण्याच्या मॅडम म्हणायचे.

नाना घरी आल्यापासून तिनं स्वयंपाकघराचं दार लावायला सुरुवात केली. तळणं बंद, परतणं बंद. उकडलेलं काहीतरी, वास न येणारं, ओट्यापाशी उभ्यानं खाऊन घ्यायची, पंखा चालू ठेवून. चमचा ताटलीला लागू द्यायची नाही. ज्या माणसाला घोटभर पाणीही बंद आहे त्याच्या समोर जेवायचं कसं? जिवावर यायचं. वजन भराभर उतरलं. ग्रुपमध्ये तिचं कौतुक सुरू झालं. "बघा, निर्धार असा असतो," कॅप्टननं लिहिलं. ती कानकोंडी झाली. निर्धार कसला, अन्न घशाखाली उतरत नव्हतं, एवढंच.

आणि तरी भूक होती. दुकानात माळ्यावर काच घासताना मध्येच यायची, आणि अमुक एक खावं अशी नसायची. आपण नीट बसलोय, समोर ताट आहे, वाफ येतेय, पलीकडे कुणीतरी जेवतंय, असं काहीतरी हवं असायचं. ग्रुपमध्ये त्याला शब्द नव्हता. तिथे मोह होता, शत्रू होता, घसरणं होतं. हे त्यातलं काहीच नव्हतं. नवऱ्याचा जहाजावरून फोन आला की तो नेमानं विचारायचा, "जेवलीस का?" ती "हो" म्हणायची. काय जेवलीस, असं कुणी विचारून किती काळ लोटला ते तिलाही आठवत नव्हतं.

एका दुपारी दुकान बंद होतं. नानांची पिशवी चालू होती आणि ती शेजारी खुर्चीत बसून फोन बघत होती. बघता बघता तिला हसू फुटलं.

"काय गं?" नानांनी विचारलं.

"काही नाही, नाना. तो आमचा वजनाचा ग्रुप."

"वाच की मोठ्यानं. मी तरी कुठे कामात आहे."

तिनं जरा आढेवेढे घेतले, मग वाचलं. ग्रुपमध्ये एक टॅक्सीवाले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'आज विमानतळाच्या रांगेत तीन तास उभा होतो. गाडीतच घसरलो. काचा वर करून घसरलो. पुढचं गिऱ्हाईक आत बसलं आणि म्हणालं, वा, वास काय सुटलाय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.' खाली कॅप्टन: 'काचा वर केल्या म्हणजे शत्रूला आतच कोंडून घेतलंत. पुढच्या वेळी खाली उतरा, चाला.'

नाना ऐकत होते. "खाल्लं काय पण त्यानं?"

"ते सांगायचं नसतं."

"का?"

"बाकीच्यांना मोह होतो."

नाना पिशवीतल्या थेंबांकडे बघत राहिले. "मला होऊ दे की," म्हणाले. "मला कुणी नियम नाही घातलेला. विचार त्याला."

"असं कसं विचारायचं, नाना? ओळख ना देख."

"वासावरून गिऱ्हाईकसुद्धा 'वा' म्हणालं. म्हणजे काहीतरी खास असणार. विचार तू."

तिनं टॅक्सीवाल्यांना वेगळा निरोप पाठवला. उलट उत्तर आलं, 'कॅप्टननं विचारायला लावलंय का? परीक्षा बघताय माझी?' मग तिनं सगळं लिहिलं: सासरे, नळी, पिशवी. बराच वेळ काहीच आलं नाही. तिला वाटलं, माणूस घाबरला. संध्याकाळी भलामोठा मजकूर आला.

'ताई, तळलेले बटाटे होते. कोपऱ्यावरची बाई कागदाच्या पुड्यात देते. लांब चिरलेले, सालासकट. कडेला लालसर, मध्ये मऊ. पहिला उचलला तर बोटं भाजली म्हणून तोंडात टाकला आणि तोंड भाजलं. मग तोंड उघडं ठेवून वाफ बाहेर सोडत बसलो, कुत्र्यासारखा. तळाशी मोडके, करकरीत तुकडे राहतात ना, मीठ सगळं तिथे जमतं, ते शेवटी बोटानं टिपून खाल्ले. नानांना सांगा, मला माफ करा, फार चांगले होते.'

तिनं वाचून दाखवलं. नानांनी डोळे मिटले होते. जबडा किंचित हलत होता. "मीठ गरम असताना टाकतात का नंतर, विचार," म्हणाले. तिनं विचारलं. 'कढईतून काढल्या काढल्या,' टॅक्सीवाल्यांनी कळवलं. "बरोबर," नाना म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर तो जुना, परीक्षकाचा भाव आला.

तेव्हापासून हे सुरूच झालं. टॅक्सीवाले घसरले तरी सांगायचे, न घसरताही सांगायचे. लहानपणी खाल्लेलं, कुणाच्या लग्नात खाल्लेलं. पुढे तर ते बोलून पाठवायला लागले. मागे इंजिनाची घरघर आणि त्यांचा घोगरा आवाज, "तर नाना, ऐका, भाजलेला मका." नानाही बोलायला लागले. लिफ्टच्या उभ्या पोकळीत, दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात बसून काम करताना कोणत्या मजल्यावर काय शिजतंय ते कसं कळायचं, ते सांगायला लागले. "तिसऱ्यावर कांदा, चौथ्यावर नुसता साबण, पाचव्यावर दूध उतू गेलेलं. पाचव्यावरची बाई दूध रोज घालवायची. मी वरून ओरडायचो, बाई, गॅस. तिला वाटायचं देवच बोलतोय."

ती हसली. नाना हसले नाहीत. तिच्याकडे बघत म्हणाले, "आपलं घर चौथ्या मजल्यासारखं झालंय."

"म्हणजे?"

"वासच नाही कसला. तू काय खातेस?"

"खाते की. उकडलेलं. वजन उतरवायचंय ना मला."

"दार लावून खातेस. चमच्याचासुद्धा आवाज येत नाही तुझ्या. स्वतःच्या घरात चोरासारखी जेवतेस." त्यांना मोठं वाक्य बोलायला कष्ट पडायचे, ते थांबले, दम घेतला. "दार उघड. कांदा टाक तेलात. आणि इथे येऊन बस जेवायला."

"तुमच्यासमोर? नाही जमायचं मला ते, नाना."

"मला चालतंय म्हटलं ना."

"मला चालत नाही."

तो विषय तिथे थांबला, पण नाना रोज काढायचे. ती रोज काहीतरी कारण सांगायची. खरं कारण तिनं सांगितलं नाही: एकदा तेलाचा वास या घरात आला, तर आपल्यालाच आवरणार नाही, अशी भीती होती तिला. इतके महिने ज्याला शत्रू म्हटलं, त्याला आता दार उघडून 'या, बसा' म्हणायचं. शेवटी नानांनी गिळण्याच्या मॅडमांनाच मध्ये घातलं. त्या म्हणाल्या, "वासानं काही होत नाही. उलट बरंच. फक्त ताठ बसवा, लाळ आली की पुसून घ्या. आणि तोंडात काही म्हणजे काही द्यायचं नाही. डोळ्यांनी कितीही मागितलं तरी."

रविवारी तिनं दार उघडं ठेवलं. कांदा उभा, पातळ चिरला. तेलात पडल्यावर तो जो आवाज झाला, त्यानं तिचा हात क्षणभर थांबला. वास बाहेरच्या खोलीत जायला वेळ लागला नाही.

"हलवू नको सारखा," नानांचा आवाज आला. "कडा लागू दे."

तिनं कडा लागू दिल्या. वर दोन अंडी फोडली, पाव त्याच तेलात उलटापालटा करून घेतला, आणि ताट घेऊन नानांच्या पलंगासमोर खुर्ची ओढून बसली. नानांना उशा लावून ताठ बसवलं होतं. मांडीवर टॉवेल.

तिनं पहिला घास घेतला.

"कसंय?"

"छान झालंय."

"छान काय? हवा छान असते. मला नीट सांग."

तिला सांगता येईना. चावताना तिच्या लक्षात आलं, आपण वर्षानुवर्षं खातोय, भरपूर खातोय, पण तोंडात काय चाललंय तिकडे कधी बघितलंच नाही. तिनं दुसरा घास घेतला, आणि काचेला ओरखडा कुठे आहे ते बोटानं हळू शोधावं तसा जिभेनं शोधला.

"कांदा आधी गोड लागतोय," ती म्हणाली. "मग मागून कडवट येतोय, जिथे जास्त काळा झालाय तिथला. पाव वरून कडक आहे, आतमध्ये तेल पिऊन बसलाय. पिवळा बलक अजून वाहतोय. तो कांद्यावर आला की कडवटपणा जातो."

"मीठ?"

"अंड्यावर आहे. कांद्यात कमी पडलंय."

"मला वाटलंच," नाना म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडेनं लाळ ओघळली. तिनं टॉवेलनं टिपली. दोघांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. ती एकेक घास घेत होती, सांगत होती. त्यांचे डोळे ताटावरून तिच्या हातावर, हातावरून तोंडावर जात होते. जेवायला बसल्यासारखं जेवणं तिला कितीतरी दिवसांनी मिळत होतं. तिचे डोळे भरून आले, का ते तिलाच कळेना.

ताटात थोडंसं उरलं होतं, तेव्हा नानांनी हात पुढे केला.

"एक घास दे."

"नाना."

"तेलात भिजलेला तो कोपरा. गिळत नाही मी. नुसता ठेवतो जिभेवर."

"मॅडम काय म्हणाल्या, ऐकलंत ना?"

"एका घासानं काय होतंय?"

हे वाक्य तिनं ग्रुपमध्ये हजारदा वाचलं होतं. तिथे सगळे त्याच्यावर हसायचे, मोह पहिलं वाक्य हेच शिकवतो म्हणायचे. आता ते नानांच्या तोंडून आलं आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. या माणसानं तिच्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. तिच्या मनात आलं, द्यावा. खरंच, नुसता जिभेवर. मग दवाखान्यातला तो खोकला आठवला, निळे पडलेले ओठ आठवले.

"नाही देणार," ती म्हणाली.

नानांनी हात मागे घेतला. "दुष्ट आहेस," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती ताट घेऊन आत गेली. उरलेला कोपरा तिनं झाकून ठेवला. ओट्यापाशी उभी राहून तिनं फोन काढला आणि ग्रुपमध्ये सगळं लिहून टाकलं. कांदा, अंडी, पाव, तेल, सगळी नावं घालून. नानांचा हात लिहिला. 'मी आज जेवले आणि मी आज एक घास नाकारला. यातलं घसरणं कुठलं, ते मला कळत नाही. कुणाला कळलं तर सांगा,' असं शेवटी लिहिलं.

थोड्याच वेळात तो मजकूर तिथून नाहीसा झाला. कॅप्टननं काढून टाकला होता. पाठोपाठ फोन वाजला. आवाज तिनं कल्पना केली होती त्यापेक्षा खूप बारीक, थकलेला होता.

"तुमचं लिहिलेलं काढलंय मी," कॅप्टन म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा. राग मानू नका."

"नाही मानत."

"सासऱ्यांना दिला नाहीत ते बरं केलंत."

"दुष्ट म्हणाले मला."

"म्हणू देत. मी स्वतःशीच तसं दुष्टपणे वागत आलेय. मला सवय आहे." मग कॅप्टननं विचारलं, "कांदा कितपत काळा केलात?"

"कडा तेवढ्या."

"कडा तेवढ्या," कॅप्टन म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्या बाईंनी ते दोन शब्द जिभेवर ठेवून बघितले असं तिला वाटलं. "माझी आई तसाच करायची. ठेवते." आणि फोन बंद झाला.

नानांनी त्या संध्याकाळी भिंतीकडेच तोंड ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात निघाली तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला, "येताना वांगी मिळाली तर बघ. भाजायला." तिनं पायात चप्पल घालता घालता "बरं" म्हटलं. दार ओढून घेतलं आणि जिन्यात दोन मिनिटं कठड्याला धरून उभी राहिली.

नानांनी पुन्हा घास मागितला नाही असं नाही. मागायचे. कधी चेष्टेत, कधी रडवेले होऊन. ती नाही म्हणायची. पण दार उघडं राहिलं. ती त्यांच्यासमोर बसून जेवायची, सांगत सांगत जेवायची, आणि सांगायचं म्हणून हळू जेवायची. वजन थोडं वर गेलं, मग एका जागी थांबलं. गुडघ्यांनी तक्रार केली नाही. ग्रुप तिनं सोडला नाही. मध्येच एखाद्या दुपारी कॅप्टनचा वेगळा निरोप यायचा: 'आज काय?' ती उत्तर द्यायची, पदार्थांची नावं घालून. कॅप्टन त्यावर काही लिहायच्या नाहीत.

गिळण्याची तपासणी होती त्या दिवशी टॅक्सीवाले स्वतः गाडी घेऊन आले. दोघंही त्यांना पहिल्यांदाच बघत होती. बुटके, गोल, बोलण्यापेक्षा लाजण्यात जास्त वेळ घालवणारे गृहस्थ निघाले. नानांना त्यांनी उचलूनच गाडीत बसवलं. "नाना, आज गाडी धुऊन आणलीय, वास मिळायचा नाही," म्हणाले. दवाखान्यात नानांना यंत्रासमोर बसवून चमचाभर पांढरं दाट काहीतरी भरवलं आणि घशातून ते कसं उतरतं ते पडद्यावर बघितलं. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. नळी निघणार नाही, आणि बहुधा कधीच निघणार नाही, म्हणाले. पण दाट केलेलं असेल तर दिवसाकाठी एक छोटा चमचा, मॅडमांनी शिकवलं तसं, हनुवटी खाली धरून, चालेल. पोटासाठी नव्हे, म्हणाले. नुसतं तोंडासाठी.

परत येताना त्या एका चमच्यात काय घालायचं यावरून गाडीत वाद झाला. टॅक्सीवाले म्हणत होते गोड. इतक्या दिवसांनी माणसानं गोडानं सुरुवात करावी. ती म्हणाली संत्र्याचा रस. नाना खिडकीबाहेर बघत ऐकत होते. रस्त्याच्या कडेला लोक उभ्यानं, चालता चालता, बाकावर बसून काही ना काही खात होते, आणि खाताना कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

"बटाटा आणि कांदा," नाना म्हणाले. "खारट."

घरी आल्यावर तिनं बटाटा उकडला, कांदा परतला, दोन्ही एकजीव करून गाळून घेतलं, दाट केलं, मीठ घातलं, चाखलं, परत जरासं घातलं. टॅक्सीवाले दाराशी उभे होते, आत या म्हटलं तरी येईनात. तिनं नानांची हनुवटी खाली धरली आणि चमचा आत दिला.

नानांनी तोंड मिटलं. ते सांगितल्याप्रमाणे थांबले, मग गिळलं. तिची नजर त्यांच्या गळ्यावर होती. खोकला आला नाही. ती वाट बघत राहिली, पण नाना डोळे मिटून, जीभ तोंडात हळूहळू फिरवत बसले.

"नाना? मीठ बरोबर आहे का?"

त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं.

"थांब," ते म्हणाले. "अजून आहे."